राळ: एका झाडाची नावं आणि वजनं

१९८५ सालचा अंमली पदार्थविरोधी कायदा सगळे 'एनडीपीएस' या नावानंच ओळखतात. त्याच्या दुसऱ्या कलमात एका झाडाच्या दोन व्याख्या आहेत. झाडापासून वेगळी केलेली राळ, मग ती कच्ची असो की शुद्ध केलेली, कोणत्याही रूपात असली तरी ती चरस; हशीश तेल नावाचा दाट द्रवही त्यातच धरलेला. झाडाचे फुलाफळांवर आलेले शेंडे म्हणजे गांजा. शेंड्यांसोबत नसलेली पानं आणि बिया मात्र व्याख्येतून बाहेर. त्या बाहेर राहिलेल्या पानांना आपण भांग म्हणतो, आणि म्हणून महाशिवरात्रीला काशीत ती सरकारी परवान्याच्या दुकानात मिळते.

व्याख्येमागोमाग वजनं येतात. गांजा एक किलोच्या आत असेल तर 'अल्प प्रमाण'. चरसासाठी हीच मर्यादा शंभर ग्रॅम. 'व्यापारी प्रमाण' गांजाचं वीस किलोंच्या वर, चरसाचं एक किलोच्या वर. म्हणजे एखाद्याच्या पिशवीत नऊशे ग्रॅम गांजा सापडला तर जास्तीत जास्त एक वर्ष. नऊशे ग्रॅम चरस सापडला तर दहा वर्षांपर्यंत. तीच वस्तू दोन किलो भरली आणि ती चरस ठरली, तर किमान दहा वर्षं आणि जामीन जवळजवळ नाहीच. झाड एकच. फरक एवढाच की त्याची राळ झाडावर आहे की झाडापासून सुटी केली आहे.

हा फरक कायदा लिहिणाऱ्यांनी शोधलेला नाही. तो त्यांना वारशानं मिळाला: शेतकऱ्यांकडून, व्यापाऱ्यांकडून, अबकारी खात्याच्या कारकुनांकडून. अमेरिकेत आणि कॅनडात आज 'शॅटर', 'वॅक्स', 'बडर', 'रोझिन' अशा नावांनी विकले जाणारे गांजाचे अर्क बघताना हा वारसा आठवणं उपयोगाचं आहे. कारण ती नावंही पोतावरूनच पडलेली आहेत, आणि पोतावरून कोणती गोष्ट कळते व कोणती कळत नाही, हा प्रश्न जुनाच आहे.

आधी झाडाकडे पाहू. भांगेच्या मादी झाडाच्या फुलोऱ्यावर बारीक लव असते. या लवेच्या टोकाशी भिंगाखाली दिसणाऱ्या, गोल डोक्याच्या ग्रंथी असतात. राळ त्यांत तयार होते. पानांवर ती थोडी, शेंड्यांवर भरपूर. नर झाडं शेतात राहिली तर मादीला बी धरतं आणि राळ कमी होते. भांग, गांजा, चरस ही तीन नावं म्हणजे एका अर्थानं तीन पायऱ्या: राळ विरळ, राळ दाट, आणि नुसती राळ. मराठीत 'भांगेत तुळस' आणि 'तुळशीत भांग' असे दोन्ही वाक्प्रचार आहेत. पण त्यांत गांजा नाही की चरस नाही. अंगणात, उकिरड्याच्या कडेला आपसूक उगवणारं ते भांगेचं रोप. गांजा मात्र राखावा लागतो आणि चरस काढावा लागतो.

पानांपासूनही दाट वस्तू करता येते, हे गोव्यात १५६३ साली छापलेल्या एका पुस्तकात नोंदलेलं आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानं हिंदुस्थानातल्या औषधी द्रव्यांवर संवादरूपानं लिहिलेल्या ग्रंथात 'बांग' हे एक प्रकरण आहे. कुटलेल्या पानांत जायफळ, लवंग, कापूर, कस्तुरी, कधी अफूही घालून केलेल्या अवलेहाचं वर्णन त्यात येतं. गुजरातचा सुलतान बहादुरशहा मार्तिम अफोंसो द सोझाला म्हणाला होता की रात्री पोर्तुगाल, तुर्कस्तान, अरबस्तान असं कुठेही जावंसं वाटलं की थोडी बांग घेतली म्हणजे झालं. ही हकिगतही ओर्तानं दिली आहे. हा अवलेह म्हणजे आपल्या जुन्या मराठीतला 'माजूम'. राळ पाण्यात विरघळत नाही, तुपात आणि दुधाच्या स्निग्धांशात विरघळते. हे रसायन कुणाला ठाऊक नव्हतं, पण भांग दुधात आणि माजूम तुपात करायची हे सगळ्यांना माहीत होतं.

गांजाच्या पोताचा सगळ्यात बारकाईनं विचार झाला तो बंगालात. राजशाहीजवळच्या नौगाव परिसरात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, सरकारी देखरेखीखाली गांजाची शेती होती. तिथं 'पोद्दार' नावाचे जाणकार उभ्या पिकात फिरून नर झाडं ओळखून उपटून टाकत. आज अमेरिकेत बिनबियांच्या गांजाला स्पॅनिश नाव आहे आणि त्याची किंमत मोठी आहे. नौगावात ती रोजची शेतकी होती. कापलेले शेंडे उन्हात पसरून पायांनी तुडवले जात, म्हणजे राळ शेंड्यांतच दाबून बसे. तुडवून चपटा केला की 'चपटा' गांजा. पायाखाली लाटून वळला की 'गोल'. हाताळताना जे तुकडे सुटे होत तो 'चूर'. डेव्हिड प्रेन या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८९३ साली या शेतीवर सरकारला अहवाल दिला, त्यात या प्रकारांचं सविस्तर वर्णन आहे.

अबकारी खात्यानं या तीन प्रकारांवर तीन वेगळे दर लावले. चपट्यावर सगळ्यांत कमी, कारण त्यात काड्या जास्त. गोलवर त्याहून जास्त. चुरावर सगळ्यांत जास्त, कारण त्यात काडी जवळपास नाहीच. म्हणजे सरकार वजनावर कर घेत होतं, पण त्या वजनात राळ किती याचा अंदाज पोतावरून बांधत होतं. आपल्याकडे, मुंबई इलाख्यात, गांजाच्या पिकाच्या संदर्भात अहमदनगर जिल्ह्याचं नाव ठळकपणे येतं. तिथंही परवाने होते आणि सरकारी गुदामं होती. चिलीम, छापी आणि गांजेकस हे शब्द त्या काळच्या मराठी माणसाला शब्दकोशात शोधावे लागत नसत.

चरसाची गोष्ट वेगळी, कारण तो राळ झाडापासून तोडतो. ते करण्याचे दोन मार्ग होते. पहिला हाताचा. कुलू, कुमाऊँ, नेपाळ इथं उभ्या झाडाचे ओले शेंडे तळहातांत मळत. हातावर काळपट थर जमे, तो खरवडून गोळी करत. पार्वती खोऱ्यातल्या मलाणा गावाच्या नावानं आज जगभर जी वस्तू ओळखली जाते ती याच पद्धतीची. दिवसभर मळूनही हाती फार थोडं लागतं. या पद्धतीचा लगाम तिच्या कष्टांतच आहे.

दुसरा मार्ग चाळणीचा. यारकंदमध्ये, आजच्या चीनच्या सिंक्यांग प्रांतात, शेंडे वाळवून, झोडपून, चाळून घेत. थंड कोरड्या हवेत राळेच्या ग्रंथी ठिसूळ होतात आणि पिठासारख्या गळतात. ही हिरवट भुकटी चामड्याच्या पिशव्यांत भरत. उन्हाच्या उबेनं ती पाघळून एकजीव होई. मग घोड्यांच्या पाठीवर साडेपाच हजार मीटरहून उंच काराकोरम खिंड ओलांडून ती लेहला, तिथून कुलूमार्गे होशियारपूरला आणि अमृतसरला पोचे. हिंदीत 'चरस' म्हणजे चामड्याची मोटही. या पिशव्यांवरूनच मालाला नाव पडलं असं एक मत आहे. १९३०च्या दशकात सिंक्यांगच्या सरकारनं बंदी घातली आणि हा व्यापार थांबला. चाळलेल्या भुकटीला अफगाणिस्तानात 'गर्दा' म्हणतात, फारसी 'गर्द' म्हणजे धूळ यावरून. मराठीत पुढे हाच शब्द दुसऱ्याच भुकटीला चिकटला, त्याकडे नंतर येऊ.

तिसरा मार्ग कलकत्त्यात कागदावर आला. विल्यम ब्रुक ओशॉनेसी हा आयरिश डॉक्टर तिथल्या मेडिकल कॉलेजात शिकवत होता. १८३९ साली त्यानं गांजाच्या औषधी तयारींवर निबंध वाचला. त्यात त्यानं आधी बाजारातले प्रकार नोंदवले: सब्जी, गांजा, चरस, माजूम. चामड्याचे कपडे घातलेली माणसं भांगेच्या शेतातून जोरात धावतात आणि कपड्यांना चिकटलेली राळ नंतर खरवडून घेतात, हे प्रसिद्ध वर्णन त्याच निबंधातलं. नेपाळातल्या उत्तम चरसाला 'मोमिया' म्हणजे मेणासारखा म्हणतात, हेही त्यानं नोंदवलं. 'वॅक्स' हे कॉलोराडोच्या दुकानातलं नाव नवं वाटतं, पण त्याला किमान पावणेदोनशे वर्षांचा हिंदुस्थानी पूर्वज आहे.

मग त्यानं स्वतःचा प्रयोग मांडला. गांजाचे चिकट शेंडे मद्यार्कात उकळायचे, राळ द्रावकात उतरली की मद्यार्क उडवून द्यायचा. उरतो तो अर्क. हा अर्क पुन्हा मोजक्या मद्यार्कात विरघळवला की टिंक्चर. हातानं मळणं आणि चाळणं यांत ग्रंथी यंत्रवत वेगळ्या होतात. इथं राळ विरघळवून वेगळी होते. ओशॉनेसीनं हे औषध संधिवात, पटकी, धनुर्वात, लहान बाळांचे झटके अशा रोग्यांना दिलं. धनुर्वात बरा झाला असं नाही तर आचके थांबून रोग्याला विसावा मिळाला, यावर त्याचा भर होता. तो इंग्लंडला परतला तेव्हा सोबत माल घेऊन गेला, पीटर स्क्वायर या लंडनच्या औषधविक्रेत्यानं त्याचा अर्क काढला, आणि 'कॅनाबिस इंडिका'चा अर्क व टिंक्चर ब्रिटिश फार्माकोपियात जाऊन बसले.

तिथं ते टिकले नाहीत. कारण नैतिक नव्हतं, मोजमापाचं होतं. एका बाटलीचे दहा थेंब काहीच करत नसत आणि दुसऱ्या बाटलीचे दहा थेंब रोग्याला भ्रमात टाकत. कलकत्त्याहून निघालेला गांजा लंडनला पोचेपर्यंत किती जुना झाला, त्यात राळ किती उरली, हे रंगावरून किंवा चिकटपणावरून कळत नव्हतं. रसेल रेनल्ड्स या नामांकित डॉक्टरनं १८९० साली तीस वर्षांचा अनुभव लिहिताना हाच मुद्दा मांडला: अगदी थोड्या मात्रेपासून सुरुवात करा आणि हळूहळू वाढवा. अफूतून मॉर्फिन १९व्या शतकाच्या सुरुवातीलाच वेगळं झालं होतं, त्याचं वजन करता येत होतं. गांजातलं नेमकं द्रव्य कुणाला सापडत नव्हतं. केंब्रिजमध्ये वुड, स्पायव्ही आणि ईस्टरफील्ड यांनी १८९६ साली चरसातून लाल तेल काढलं, पण तेही मिश्रणच होतं. १९३२ साली ब्रिटिश फार्माकोपियातून गांजा गेला. टीएचसी हे मुख्य द्रव्य शुद्ध रूपात वेगळं झालं ते १९६४ साली, इस्रायलमध्ये, राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांच्या हातून. त्यासाठी पोलिसांनी पकडलेलं लेबनानी हशीश वापरलं होतं.

औषधाच्या बाजूनं हे चाललं असताना राज्यकर्त्यांच्या बाजूनंही एक मोजमाप झालं. गांजामुळे हिंदुस्थानातले वेड्यांचे दवाखाने भरतात, अशी ओरड इंग्लंडमध्ये होती. १८९३च्या मार्चमध्ये पार्लमेंटात प्रश्न आला आणि जुलैत 'इंडियन हेंप ड्रग्ज कमिशन' नेमलं गेलं. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सात सदस्यांत तीन हिंदी. त्यांनी ११९३ साक्षी नोंदवल्या. दवाखान्यांच्या नोंदवह्यांचा उगम त्यांनी शोधला तेव्हा दिसलं की वेडाचं कारण ठाऊक नसलं की रकान्यात 'गांजा' लिहिण्याची रीत होती. गांजावर टाकलेली प्रकरणं एकेक करून तपासली तेव्हा त्यांतली निम्मीही टिकली नाहीत. माफक सेवनानं सहसा अपाय होत नाही, अतिसेवनानं होतो, आणि सरसकट बंदी घालू नये, कर आणि परवान्यानं आवरावं, असा निष्कर्ष १८९४च्या अहवालात आहे. भांग, गांजा आणि चरस यांचा विचार त्यांनी वेगवेगळा केला. भांगेवर बंदी आणली तर रूढी आणि धर्म यांत विनाकारण हात घातल्यासारखं होईल, हे त्यांना साक्षींतून स्पष्ट दिसलं.

हा विवेक आंतरराष्ट्रीय करारांत विरत गेला. १९६१च्या करारानं कॅनाबिस, त्याची राळ, आणि 'अर्क व टिंक्चर' यांना एका यादीत आणलं. परंपरागत सेवन पंचवीस वर्षांत थांबवावं अशी त्यात अट होती. ती मुदत संपत आली तेव्हा, १९८५ साली, आपला कायदा झाला. शेंड्यांशिवायच्या पानांची पळवाट, म्हणजेच भांग, या कराराच्याच व्याख्येत होती. भारतानं ती जपली. मूळ कायद्यात गांजाला पाच वर्षांपर्यंत आणि चरसाला किमान दहा वर्षं शिक्षा होती. कायदा आला त्याच सुमारास मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत ब्राउन शुगर पसरत होती. तिला मराठीत नाव मिळालं 'गर्द'. अनिल अवचटांचं त्याच नावाचं पुस्तक आणि १९८६ साली पुण्यात सुरू झालेलं 'मुक्तांगण' ही त्या काळाची खूण. राळेच्या धुळीचं नाव अफूच्या भुकटीला मिळालं, आणि सामान्य माणसाच्या मनात दोन्हींतला फरक पुसट झाला.

आता आजच्या काउंटरवरच्या बरण्यांकडे येऊ. त्यांतल्या बहुतेक वस्तू जुन्या तीन वाटांवरूनच आलेल्या आहेत. बर्फाच्या पाण्यात ढवळून, बारीक जाळीतून गाळून काढलेलं हशीश म्हणजे यारकंदची चाळणी. मिला यान्सेन ही डच बाई भारतात बरीच वर्षं राहिली होती; तिनं १९९४ साली कपडे सुकवायच्या यंत्राच्या धर्तीवर चाळणीचा फिरता पिंप तयार केला आणि नंतर बर्फाच्या पाण्याची पद्धतही पिशव्यांच्या रूपात बाजारात आणली. 'रोझिन' म्हणजे ऊब आणि दाब यांनी पिळून काढलेली राळ: चामड्याच्या पिशवीवर ऊन जे करत होतं, ते इथं यंत्राची गरम पाटी करते. ब्यूटेनसारख्या वायूनं काढलेला अर्क म्हणजे ओशॉनेसीची वाट. द्रावक बदललं एवढंच. ब्यूटेन क्षणात पेट घेतं, आणि घरात असे उद्योग करताना अमेरिकेत स्फोट होऊन माणसं भाजली, मेली.

एकच अर्क काचेसारखा कडक राहिला तर तो 'शॅटर'. त्यातली द्रव्यं स्फटिक न बनता गोठलेली असतात. तोच अर्क घोटला, त्यात हवा गेली, की स्फटिकांचे बारीक कण धरतात आणि तो लोण्यासारखा 'बडर' होतो; आणखी कोरडा झाला तर भुसभुशीत 'क्रंबल'; स्फटिक मोठे धरले तर ओल्या साखरेसारखा 'शुगर'. पाक काचेसारखा गोठवणं आणि घोटून पांढरा करणं यांतला फरक ठाऊक असलेल्या कुठल्याही हलवायाला हे समजावून सांगावं लागणार नाही. 'लाइव्ह रेझिन'मध्ये झाड वाळवण्याऐवजी ताजं गोठवतात, म्हणून उडून जाणारी सुगंधी द्रव्यं टिकतात. 'डिस्टिलेट'मध्ये उलट: सगळं काढून टाकून एकच द्रव्य उरवतात, आणि त्याला रंग-वास जवळपास नसतो. वापरही त्याप्रमाणे वेगळा. कडक आणि मेणासारखे प्रकार तापलेल्या पृष्ठभागावर ठेवून त्यांची वाफ ओढतात. पातळ तेल पेनासारख्या यंत्रात जातं. वास नसलेलं डिस्टिलेट गोळ्या-चॉकलेटांत मिसळतं.

या यादीत एक गोष्ट लक्षात येते. शॅटर कडक म्हणून जास्त जोरकस आणि बडर मऊ म्हणून सौम्य, असं काहीही नाही. दोन्ही एकाच पातेल्यातून निघालेले असू शकतात. हातानं मळलेल्या चरसात टीएचसीचं प्रमाण काही टक्क्यांपासून विशी-तिशीपर्यंत कुठेही असतं. डिस्टिलेटमध्ये ते ऐंशी-नव्वद टक्के. नौगावच्या कारकुनाला काडी किती हे पाहून राळेचा अंदाज बांधता येत होता, कारण त्याच्यापुढच्या मालात काडी होती. काडी पूर्ण गेल्यावर डोळा आणि बोट यांचा उपयोग संपतो.

त्याचा परिणाम शरीरावर होतो. २०१९ साली अमेरिकेत वाफेच्या यंत्रांमुळे फुप्फुसांचा एक आजार पसरला. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत २८०७ रुग्ण दवाखान्यांत दाखल झाले किंवा दगावले, त्यांत ६८ मृत्यू होते. टीएचसी तेल दाट दिसावं म्हणून त्यात 'ई' जीवनसत्त्वाचं ॲसिटेट मिसळलेलं होतं. दाट दिसतं म्हणजे माल अस्सल, असं ग्राहक समजत होता. भेसळ करणाऱ्यानं त्याला नेमकं तेच पोत विकलं. उलट बाजूला २०१० साली ब्रिटनमध्ये परवाना मिळालेला 'सॅटिव्हेक्स' हा तोंडात मारायचा फवारा आहे: गांजाचाच अर्क, मद्यार्कात, प्रत्येक फवाऱ्यात मोजलेली मात्रा. ओशॉनेसीचं टिंक्चर ज्या देशाच्या यादीतून मोजता येत नाही म्हणून गेलं, तिथंच ते मोजता आल्यावर परत आलं.

परिणाम कायद्यावरही होतो. आपल्या व्याख्येत हातानं मळलेली गोळी आणि हशीश तेल एकाच खणात आहेत, आणि वजन हाच मापदंड आहे. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं 'हिरा सिंग' खटल्यात सांगितलं की मिश्रणात भेसळ वा निरुपयोगी पदार्थ असला तरी वजन सगळ्याचं धरायचं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानं २७ विरुद्ध २५ मतांनी कॅनाबिस आणि त्याची राळ सर्वांत कडक यादीतून काढली. भारताचं मत बाजूनं होतं. 'अर्क व टिंक्चर' हे शब्द करारातून वगळण्याची शिफारस मात्र तेव्हा फेटाळली गेली.

राळ वेगळी केली की नाही, हा प्रश्न यारकंदचा व्यापारी, नौगावचा कारकून आणि कमिशनचे सदस्य या सगळ्यांनी विचारला, आणि त्यांच्या काळात तो पुरेसा होता. कारण राळ वेगळी करायला हात, थंडी किंवा घोड्यांचा तांडा लागत असे, आणि त्या कष्टांनी मालाच्या जोराला एक वरची मर्यादा घालून दिली होती. आज ती मर्यादा नाही. प्रयोगशाळेत एका ग्रॅममध्ये टीएचसी किती हे थोड्या वेळात कळतं. ज्या देशानं हे झाड सगळ्यांत बारकाईनं पायऱ्या करून ओळखलं, तिथल्या न्यायालयात मात्र आरोपीची दहा वर्षं अजून तराजूवर ठरतात.